खेळून पुढें काय?

गेल्या वर्षीं पालखीच्या दिवसांत आमचें बारामतीस जाणें झालें. ज्यांच्याकडे उतरलों तें घर आमच्या जुन्या स्नेह्यांचें. घरांत वडील माणूस म्हणजे अण्णा. त्यांनीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें. त्यांचे दोघे चिरंजीव, एक साखर-कारखान्यांत रसायनज्ञ व दुसरे वकील, सुना दोघी पदवीधर, नातवंडें चार. मुलांची आत्या लग्न होऊन अमेरिकेस गेली, ती तिकडे न्यू जर्सींत असते. एकत्र कुटुंबें आतां थोडीं उरलीं असें आपण म्हणतों. परंतु ह्या घरीं पाहुण्यांसकट बारा पानें अजून एका वेळीं मांडलीं जातात, आणि म्हणूनच तेथें एका मुलाचा प्रश्न हा साऱ्या पंक्तीचा प्रश्न होतो.

रात्रीं जेवणें उरकल्यावर अण्णांनीं पानाचा डबा आमच्यापुढें सारला आणि ते म्हणाले, “तुम्ही दरमहा जगांतल्या नाना गोष्टींविषयीं लिहितां. आमच्या घरांतला एक तंटा तुमच्या लेखणीनें मिटतो का, पाहा.”

तंटा असा. थोरला नातू अकरावींत, शास्त्रशाखेला. अभ्यासांत बरा, पण जीव सगळा बास्केटबॉलांत. उंची पांच फूट आठ इंच, म्हणजे ह्या खेळाच्या मानानें ठेंगणाच. तरी शाळेच्या संघांत ‘पॉइंट गार्ड’ची जागा त्यानें चांगली राखिलेली. आत्याबाईंनीं फोनवरून कळविलें कीं, अमेरिकेंत कॉलेजें खेळाडूंना फी, राहणें, जेवण सगळें देऊन शिकवितात. मुलाला इकडे पाठविण्याचा विचार करा. काका अनुकूल, वडील प्रतिकूल, आई गप्प. मुलगा तर मोबाईलवर तिकडचे सामने पाहून पाहून मनानें केव्हांच तिकडे पोंचलेला. अण्णांचा प्रश्न मात्र एकच होता: “खेळून पुढें काय?”

हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. आमच्या लहानपणीं आमच्याच घरीं तो एकदां विचारला गेला होता. आमचे एक चुलतबंधू खोखो उत्तम खेळत. शालान्त परीक्षेच्या वर्षीं वडीलधाऱ्यांनीं त्यांस हाच प्रश्न विचारला, त्यांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि खेळ बंद झाला. पुढें ते कचेरींत चांगल्या हुद्द्यापर्यंत चढले. तक्रार अशी त्यांनीं कधींच केली नाहीं. पण संध्याकाळीं मैदानावरून जावयाचें असलें म्हणजे ते मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानें जात. त्यामुळें अण्णांना ‘पुढें कांहीं नाहीं’ असें चटकन् सांगून टाकणें आमच्या जिवावर आलें. आणि ‘पुष्कळ कांहीं आहे’ असें सांगावयास लागणारी माहिती आमच्यापाशीं नव्हती. माहिती काढून लिहितों, असें वचन देऊन आम्ही सुटलों. तें वचन आज पुरें करितों.

प्रथम, ही जागा काय आहे तें पाहूं. बास्केटबॉलांत एका बाजूचे पांच गडी मैदानांत असतात. उंच गडी टोपलीजवळ, नेमबाज बाजूंना. आणि जो चेंडूला टप्पे देत तो आपल्या अर्ध्यांतून पुढें आणतो, कोणता डाव टाकावयाचा तें बोटांच्या खुणेनें सांगतो, आणि ज्याच्यापुढें क्षणभर वाट मोकळी झाली त्याच्या हातीं नेमका चेंडू देतो, तो पॉइंट गार्ड. आमच्या वाचकांना खोखोचें उदाहरण जवळचें वाटेल. पाठलाग करणाऱ्यानें स्वतःच धांवून गडी मारला पाहिजे असें नाहीं. योग्य त्या बसलेल्या गड्याच्या पाठीशीं पोंचून वेळेवर ‘खो’ देण्यांत अर्धा डाव असतो. पॉइंट गार्डाचें काम त्याच जातीचें आहे. त्याला उंचीपेक्षां नजर लागते, आणि जोरापेक्षां वेळेचें भान. ज्या पासावरून लगेच गुण होतो त्याची गणती ‘असिस्ट’ ह्या नांवानें निराळी ठेविली जाते. दुसऱ्याच्या हातून गुण करविला, ह्याचीही नोंद ज्याच्या वहींत होते असा हा खेळ आहे.

हा खेळ जन्मलाच मुळीं एका शिक्षणसंस्थेंत. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें, हिंवाळ्यामुळें घरांत कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठीं, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लाविले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथम अधिकृतपणें आला, तेव्हां नेस्मिथ स्वतः हजर होते. त्याच बर्लिनास अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक आपले देशी खेळ दाखवावयास गेलें होतें, ह्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाहीं. दोघांच्या वाटा पुढें निराळ्या झाल्या. अमेरिकेनें खेळ कॉलेजच्या अभ्यासाशेजारीं बसविला; आपण तो मैदानावरच ठेविला, आणि दिवेलागण झाली कीं मुलांना घरीं बोलाविलें.

तिकडच्या मुलाची वाट साधारणतः नववीपासून सुरू होते. हिंवाळ्यांत शाळेचा संघ, उन्हाळ्यांत गांवोगांव फिरणारे क्लबांचे संघ; आणि ह्या सामन्यांना कॉलेजांचे प्रशिक्षक वही घेऊन येऊन बसतात. कोणाला घ्यावयाचें तें दोन-दोन, तीन-तीन वर्षें पारखून ठरवितात. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी मुख्य संस्था १९०६ सालीं स्थापन झाली, एन. सी. ए. ए. ह्या आद्याक्षरांनीं ती ओळखिली जाते. तिनें कॉलेजांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गांत सुमारें ३६० कॉलेजें आहेत. पहिल्या दोन वर्गांतील कॉलेजें खेळासाठीं शिष्यवृत्ति देऊं शकतात. तिसऱ्या वर्गांत खेळाची शिष्यवृत्ति नाहींच. हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित विद्यापीठें पहिल्या वर्गांत खेळतात, तरी तींही खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत. कुटुंबाच्या ऐपतीकडे पाहून मदत करितात, ती सर्वच विद्यार्थ्यांना.

आतां जी गोष्ट अण्णांना रुचेल ती सांगतों. पहिल्या वर्गांत खेळावयाचें तर नववी ते बारावी ह्या चार वर्षांत इंग्रजी, गणित, शास्त्र, समाजशास्त्र अशा मुख्य विषयांचे १६ पाठ्यक्रम ठराविक सरासरीनें पार पाडावे लागतात. परदेशच्या मुलाच्याही गुणपत्रिका ह्याच दृष्टीनें तपासल्या जातात. गुण नसले तर हात कितीही सराईत असो, दार उघडत नाहीं. ‘अभ्यास बुडवून खेळ’ ही आपल्या घरांतली भीति रास्त आहे. परंतु निदान ह्या वाटेवर अभ्यास बुडविणारा पहिल्याच नाक्यावर अडतो.

आंत गेल्यावर काय? पांच वर्षांच्या अवधींत चार हंगाम खेळावयाची मुभा, ही जुनी चाल. हंगाम नोव्हेंबरांत सुरू होऊन एप्रिलच्या आरंभीं आटोपतो. हंगामांत सराव आठवड्याला २० तासांहून अधिक घेऊं नये असा नियम. पण प्रवास, शरीर कमावणें, दुखापतींची शुश्रूषा धरून खरा वेळ पुष्कळच अधिक जातो, हें कोणीही खेळाडू सांगेल. आगगाडीऐवजीं विमानांत आणि अभ्यासिकेऐवजीं हॉटेलांत पुस्तकें उघडावीं लागतात. पहिल्या वर्षीं आलेला मुलगा बहुधा बांकावर बसतो. कारण चेंडू तिसऱ्या-चौथ्या वर्षांतल्या मुरलेल्या गड्याच्या हातीं असतो. कांहीं जण एक हंगाम न खेळतां नुसता सराव करून तें वर्ष राखून ठेवितात. कांहीं शिष्यवृत्तीवांचून, स्वतःच्या खर्चानें शिकून, केवळ संघांत असावें म्हणून येतात. अशांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. हंगामाच्या शेवटीं निवडक ६८ संघांची मोठी स्पर्धा होते. तींत एक सामना हरला कीं घरचा रस्ता. ही स्पर्धा १९३९ सालीं आठ संघांवर सुरू झाली होती.

गेल्या कांहीं वर्षांत ह्या व्यवस्थेचा कायापालट झाला आहे, तो पालकांनीं नीट समजून घ्यावा. पूर्वीं एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत गेलें कीं बहुधा एक वर्ष बाहेर बसावें लागे. २०२१ पासून तें बंधन सैल झालें, आणि आतां मुलें दरवर्षीं कॉलेज बदलतांना दिसतात. त्यामुळें शाळेंतून आलेलें कोवळें पोर घडविण्यापेक्षां दुसरीकडे तयार झालेला गडी घेणें प्रशिक्षकांस सोईचें वाटूं लागलें आहे. दुसरें असें कीं, २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंस स्वतःच्या नांवावर जाहिरातींतून पैसा मिळविण्याची मोकळीक मिळाली. आणि २०२५ च्या जूनमध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें कॉलेजेंही खेळाडूंना थेट पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षासाठीं ती मर्यादा एका कॉलेजास सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. हौशी विद्यार्थ्यांचा म्हणून मिरविलेला खेळ उघड उघड बाजारांत उतरला आहे. आपल्या मुलानें मात्र ह्या आंकड्यांवर मनोरे बांधूं नयेत. विद्यार्थी म्हणून परवाना घेऊन गेलेल्या परदेशी मुलाच्या कमाईवर तिकडच्या सरकारचीं कडक बंधनें आहेत.

आणि मग शेवटचा दरवाजा. पहिल्या वर्गांत पुरुष खेळाडू पांच हजारांच्या वर. व्यावसायिक एन. बी. ए. मंडळांत संघ ३०, प्रत्येकाच्या मुख्य यादींत जागा १५; आणि त्या आधींच भरलेल्या. दरवर्षीं दोन फेऱ्यांत नवे गडी निवडतात, ते सारे मिळून साठाच्या आंतबाहेर, आणि तेही साऱ्या जगांतून. कॉलेज संपवून निवडीस पात्र झालेल्यांपैकीं शंभरांत सुमारें एकच तेथें पोंचतो, असा एन. सी. ए. ए. चाच हिशेब आहे. उरलेल्यांतले कांहीं युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया येथील संघांकडे एकेका वर्षाच्या करारावर जातात. कांहीं प्रशिक्षक होतात. बहुतेक जण मात्र पदवी घेऊन चारचौघांसारखे नोकरी-व्यवसायास लागतात. गणिताच्या शिक्षकापुढें हा आंकडा ठेवितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. तो लपवून जर कोणी मुलाला स्वप्नें विकील, तर त्याच्यापासून सावध राहावें.

तरीही जे त्या दारापर्यंत गेले, त्यांत ठेंगण्या, दुर्लक्षित पॉइंट गार्डांची गोष्ट मोठी मनोवेधक आहे. जॉन स्टॉक्टन हा स्पोकेन गांवचा मुलगा गांवांतल्याच गोंझागा कॉलेजांत शिकला. १९८४ च्या निवडींत १६ वा आला, तेव्हां प्रेक्षकांतील बहुतेकांस तो कोण हेंही ठाऊक नव्हतें. पुढें तो १९ हंगाम एकाच संघाकडून, यूटाकडून, खेळला आणि १५,८०६ असिस्ट करून गेला. तो उच्चांक अजून कोणास मोडतां आलेला नाहीं. अजिंक्यपद मात्र त्याला एकदांही लाभलें नाहीं. कॅनडाच्या स्टीव्ह नॅशला तर सांता क्लारा ह्या एकाच कॉलेजानें शिष्यवृत्ति देऊं केली. तोच पुढें २००५ व २००६ असा लागोपाठ दोन वर्षें साऱ्या मंडळाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांनीं घेतलें नाहीं, म्हणून तो डेव्हिडसन ह्या लहान कॉलेजांत गेला. पदवी पुरी होण्याआधींच २००९ सालीं तो व्यावसायिक झाला आणि जगप्रसिद्धही झाला. पण राहिलेली पदवी त्यानें २०२२ सालीं पुरी केली. तेव्हां त्याला पैशाची वाण नव्हती, कीर्तीचीही नव्हती. तरी अपुरी पदवी त्याला अपुरीच वाटली असली पाहिजे.

आपल्या घरांतील वातावरणास अधिक जवळचा दाखला जेरेमी लिन ह्याचा. तैवानहून आलेल्या शिकल्या-सवरलेल्या आईबापांचा हा मुलगा. त्याच्या शाळेनें २००६ सालीं कॅलिफोर्नियांतलें राज्यपद जिंकलें, तो संघाचा नायक होता. तरी पहिल्या वर्गांतील एकाही कॉलेजानें त्याला शिष्यवृत्ति देऊं केली नाहीं. तो हार्वर्डमध्यें गेला, अर्थशास्त्राची पदवी घेतली, २०१० च्या निवडींत त्याचें नांव कोणीं पुकारलें नाहीं, आणि २०११ च्या डिसेंबरांत पंधरा दिवसांच्या अवधींत दोन संघांनीं त्याला काढून टाकलें. मग न्यू यॉर्कच्या संघांत बांकावर बसलेला असतां २०१२ च्या फेब्रुवारींत त्याला संधि मिळाली. तो मैदानांत उतरल्यापासून तो संघ सलग सात सामने जिंकला. पुढें तो अनेक संघांतून फिरला, शेवटीं तैवानांत खेळला, आणि २०२५ सालीं त्यानें निवृत्ति जाहीर केली. चांगल्यांतल्या चांगल्या खेळाडूचा खेळ देखील बहुधा पस्तिशी-सदतिशींत संपतो, तेव्हां संसाराचीं निम्मीं वर्षें अजून पुढें असतात.

आणि ज्याला पुढें कोणीं निवडलें नाहीं, त्याचें काय? वरुण राम हा अमेरिकेंत वाढलेला भारतीय कुटुंबांतील मुलगा. उंची पांच फूट नऊ इंच, म्हणजे आमच्या बारामतीच्या नातवाहून इंचभर अधिक. तो आधीं तिसऱ्या वर्गांतल्या ट्रिनिटी कॉलेजांत होता. मग मेरिलंड विद्यापीठांत येऊन ‘वॉक-ऑन’ म्हणून संघांत शिरला. सामन्यांत क्वचितच उतरे. २० मार्च २०१५ रोजीं त्या मोठ्या स्पर्धेंत मेरिलंड तीन गुणांनीं पुढें होतें, कांहीं सेकंद उरले होते आणि चेंडू प्रतिपक्षाकडे होता. प्रशिक्षकांनीं त्या घटकेला ह्याच मुलाला आंत धाडलें. तो समोरच्या गड्याला असा चिकटला कीं त्याला चेंडू टोपलीकडे टाकतांच आला नाहीं. सामना ६५–६२ असा संपला. सगळी कीर्ति तेवढ्या कांहीं सेकंदांची. परंतु त्या कांहीं सेकंदांसाठीं तो वर्षानुवर्षें कोणाचें लक्ष नसतां सराव करीत राहिला होता, आणि प्रशिक्षकांस तें ठाऊक होतें.

आपल्याकडे कॉलेज खेळाडूच्या पाठीशीं उभें राहिलें, असें उदाहरण नाहीं असें नाहीं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण ठेविलें, ही कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. ती ऐकून ऊर भरून येतो. पण जेथें गुरूला घर गहाण टाकावें लागतें तेथें व्यवस्था अशी नाहीं, हेंही तींतून दिसतें. आज आपल्या खेळाडूंना रेल्वे, पोलीस, सैन्यदल येथें नोकऱ्या मिळतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा ५ जागा राखीव आहेत. ही वाट आपल्या घराजवळची आहे, आणि तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतली वाट धरावयाची ती केवळ आत्याबाई तिकडे आहेत म्हणून नव्हे.

येथपर्यंत लिहून झालें तेव्हां वचन पुरें झालें असें आम्हांस वाटलें होतें. परंतु त्याच मुक्कामांतील एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती गाळली तर हा लेख अर्धाच राहील.

पालखी बारामतीहून पुढें गेल्यावर आम्हीही दोन दिवसांनीं त्या मंडळींबरोबर इंदापुरास गेलों. तेथें ह्या घराण्याचा जुना वाडा आहे, आणि त्यांत अण्णांच्या वहिनी, ज्यांना सारे माई म्हणतात, वयाच्या अठ्ठ्यायशीव्या वर्षींही स्वतःच्या हातानें देवांचें सारें करितात. दुपारीं आम्ही सर्व रिंगण पाहावयास गेलों. चोपदारांच्या इशाऱ्यावर दिंड्या गोल उभ्या राहिल्या, मधली वाट मोकळी झाली, आणि अश्व धांवले. गर्दींत आमच्याशेजारीं उभा असलेला नातू चोपदाराकडे बोट करून म्हणाला, “काका, हा बघा पॉइंट गार्ड! स्वतः धांवत नाहीं, पण ह्याच्यावांचून कोणाला धांवतां येत नाहीं.” त्या वेळीं हा मुलगा आपला खेळ नुसता खेळत नाहीं, तो त्याला समजलाही आहे, अशी आमची खात्री झाली.

सायंकाळीं वाड्याच्या फरसबंद चौकांत चेंडूचे टप्पे ऐकूं आले. आम्हांस वाटलें, नातूच असेल. पाहतों तों त्याची आठवींतली बहीण. उजव्या हाताचा चेंडू पायांमधून डाव्या हातांत, डाव्याचा पाठीमागून उजव्यांत. आणि नजर चेंडूकडे मुळींच नाहीं, समोर तुळशीवृंदावनाकडे. भाऊ ओट्यावर बसून निमूटपणें पाहत होता. आम्हीं त्याला विचारलें, “ही तुझ्याकडून शिकली का?” तो म्हणाला, “पहिल्यांदा माझ्याकडून. आतां मी तिच्याकडून शिकतों.”

माई सोप्यावर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोराच्या उंचीवरून तुमची आठ दिवस वकिली चालली आहे. हिची उंची कुणी मोजली आहे का?”

कोणीं मोजली नव्हती. अण्णा कांहीं बोलले नाहींत, आम्हीही नाहीं. त्या रात्रींच्या पानाच्या डब्यापासून त्या सायंकाळपर्यंत ह्या मुलीचा विषय आमच्या तोंडून एकदांही निघाला नव्हता. मुलगी खेळते हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. पण तिच्या खेळाला ‘पुढें काय’ हा प्रश्न विचारण्याइतकेंही महत्त्व कोणीं दिलें नव्हतें. प्रश्न विचारून मुलाची वाट अडविणें हा एक अन्याय असेल, तर प्रश्नच न विचारणें हा त्याहून मोठा अन्याय होय. आणि त्यांत आम्हीही सामील होतों, हें कबूल केलें पाहिजे.

म्हणून तिच्या वांट्याची माहितीही येथें देतों. अमेरिकेंत १९७२ सालच्या एका कायद्यानें सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना डावलण्यास बंदी झाली. खेळही त्यांत आले, आणि मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. स्त्रियांच्या व्यावसायिक मंडळाचा पहिला हंगाम १९९७ चा. संघ थोडे, म्हणून तेथील दार मुलांच्यापेक्षांही अरुंद. परंतु त्या मंडळाचा एक नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तिकडच्या कॉलेजांतील मुलीला निवडींत यावयाचें तर त्या वर्षीं तिला २२ वर्षें पुरीं झालीं पाहिजेत, नाहींतर तिची पदवी किंवा कॉलेजचीं चार वर्षें झालेलीं असलीं पाहिजेत. परिणामीं बहुतेक मुली शिक्षण पुरें करूनच बाहेर पडतात. आयोवा विद्यापीठाची पॉइंट गार्ड केटलिन क्लार्क चार वर्षें तेथेंच शिकली. २०२४ सालीं ती बाहेर पडली तेव्हां तिच्या नांवावर ३,९५१ गुण होते; पहिल्या वर्गांत, पुरुष व स्त्रिया दोन्ही धरून, इतके गुण पूर्वीं कोणीं केले नव्हते. पण तिच्या खात्यावर १,१४४ असिस्टही आहेत, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. आपल्या देशांतल्या मुलींनीं ही वाट तुडविलेली नाहीं असेंही नाहीं. कविता अकुला ॲरिझोनांतील ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून खेळली, बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून. आणि परदेशीं न जातांही आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली.

आतां आमचें मत. अण्णा, ‘खेळून पुढें काय’ ह्याचें उत्तर शंभरांत नव्याण्णवांच्या बाबतींत, आपल्या सर्वांना जें पुढें असतें तेंच: नोकरी, घर, संसार. तें गृहीत धरूनच बेत करावा. कॉलेज असें निवडावें कीं, गुडघा दुखावला, प्रशिक्षक बदलला किंवा बांकावरच बसावें लागलें, तरी तेथें चार वर्षें शिकणें सार्थकीं लागेल. शिष्यवृत्ति किती वर्षांची, दुखापत झाल्यास तिचें काय, त्या संघांतल्या किती मुलांनीं पदवी पुरी केली, हे प्रश्न विचारावे आणि उत्तरें लेखी घ्यावीं. फी घेऊन शिष्यवृत्तीची हमी देणारे मध्यस्थ दारांत उभे करूं नयेत; मुलाच्या खेळाचीं चित्रणें आणि गुणपत्रिका सरळ प्रशिक्षकांकडे पाठवितां येतात. मोठ्या नांवांच्या मागें न लागतां दुसऱ्या वर्गांतलीं लहान कॉलेजेंही पाहावीं. आणि ह्यांतलें कांहींच न जमलें तरी खेळ बंद करूं नये. अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळावयाची शिस्त पुण्याच्या कॉलेजांतही उपयोगी पडते.

हीच कसोटी बहिणीलाही लावावी. तिच्यासाठीं निराळी नको. ती आठवींत आहे, म्हणजे जीं चार वर्षें मोजलीं जातात तीं तिचीं अजून सुरूच व्हावयाचीं आहेत. भावाला जें उशिरां कळलें तें तिला वेळेवर कळत आहे.

ही माहिती जमेल तसतशी आम्ही अण्णांस कळवीत होतों. मुलाच्या जाण्याविषयीं त्या घरांत अजून एकमत नाहीं, आणि तें घाईनें व्हावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. गेल्या पंधरवड्यांत अण्णांचें पत्र आलें. त्या १६ पाठ्यक्रमांत गणित किती, तें त्यांनीं नेमकें विचारलें आहे. पुढें लिहितात: “दोघांनाही पहाटे साडेपांचाला घेऊन बसतों. मुलगी समीकरणांत भावाच्या पुढें आहे. संध्याकाळीं मैदानावर सोडावयास मीच जातों.”